प्रमाण तीळ

६ जानेवारी, मंगळवार

मावशींनी तबकडी घासली! घासली म्हणजे पार कोरी केली!

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या सगळं माझ्याच गळ्यात यायचं. आमच्या त्वचा विभागात नवं यंत्र येऊन तीन आठवडे झालेत. नाव इतकं लांबलचक की आम्ही त्याला काजवा म्हणतो. पेनाएवढा दांडा, टोकाला काच. दांडा तिळावर टेकवायचा, दहा-बारा रंगांचा उजेड लुकलुकतो, कातडीतून परत आलेला उजेड यंत्र वाचतं आणि पडद्यावर आकडा देतं. सुई नाही, ब्लेड नाही, रक्ताचा थेंब नाही. शून्य म्हणजे साधा तीळ, दहा म्हणजे कॅन्सर. तीनच्या वर गेलं की मोठे डॉक्टर स्वतः बघणार, तुकडा काढून तपासायला पाठवणार. तीनच्या खाली असेल तर घरी जा, सुखानं जेवा. काजवा चालवणारी मी. एकटी मी.

पण काजव्याला रोज सकाळी शून्य म्हणजे काय ते दाखवावं लागतं. त्यासाठी कंपनीनं एक तबकडी दिली होती. कातडीच्या रंगाची, मधोमध तपकिरी ठिपका. ठिपक्यावर दांडा टेकवून 'शून्य'चं बटण दाबायचं की काजवा दिवसभर शहाण्यासारखा वागतो. आज सकाळी बघते तर ठिपका गायब!

साफसफाईच्या मावशी म्हणाल्या, "केवढा डाग होता ताई! काही केल्या निघेना. शेवटी तारेची घासणी आणली घरून." चेहऱ्यावर काय तो अभिमान!

८ जानेवारी, गुरुवार

नवी तबकडी सहा महिन्यांनी येणार. तीन प्रतींत अर्ज.

कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. म्हणाला, "तोवर एखादा साधा, निरुपद्रवी तीळ वापरा. कुणाचाही. यंत्राला काय कळतंय मॅडम, तुम्ही जे ठेवाल ते त्याचं शून्य. फक्त दर महिन्याला तो तीळ तपासून घ्या."

कुणाचाही!

९ जानेवारी, शुक्रवार

आज सगळ्या विभागाला रांगेत उभं केलं. बाह्या वर, कॉलर खाली. मोठे डॉक्टर भिंग घेऊन एकेकाच्या हाता-मानेवरून फिरत होते. स्टोअरकीपरचे तीळ फार केसाळ. मावशींचा हनुवटीवर, तिथे दांडा टेकवला की त्या खुदकन हसतात आणि आकडा हलतो. डॉक्टरांचा स्वतःचा चांगला आहे, पण कॉलरच्या आत. रोज सकाळी टाय सोडणार कोण?

माझ्या डाव्या हातापाशी थांबले. मनगटाच्या चार बोटं वर. भिंगातून बघितलं, पुन्हा बघितलं. म्हणाले, "वा! गोल, एकरंगी, काठ स्वच्छ. पुस्तकात छापावा असा तीळ."

चव्वेचाळीस वर्षं झाली मला. आजवर माझ्या कुठल्याही गोष्टीला कुणी पुस्तकात छापण्याजोगं म्हटलेलं नाही. लग्नात हे काय म्हणाले होते? "ठीक आहे."

१२ जानेवारी, सोमवार

हसून हसून पोट दुखलं. विभागात जी वस्तू वापरात येते तिची डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद हवी. स्टोअरकीपर रजिस्टर आणि शाईचं पेन घेऊन दारात हजर.

"वस्तूचं नाव?"

"प्रमाण तीळ," डॉक्टर म्हणाले.

"नग?"

"एक."

"स्थावर की जंगम?"

"जंगम," मी म्हटलं. "रोज बसनं येतो."

त्यांनी तसंच लिहिलं! मग क्रमांक डकवायचा होता. खुर्च्यांना ठोकतात तसा पत्र्याचा बिल्ला हाताला ठोकता येईना, म्हणून तिळाच्या बाजूला शाईनं लिहून गेले. त्व/४७. दर सोमवारी गिरवून देणार आहेत.

घरी हाताकडे बघून ह्यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "आता सरकारी मालमत्ता आहे. जपून हात लावायचा."

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पोस्टमन आला. मागच्या महिन्यातला, तबकडी शाबूत असतानाचा, अगदी पहिल्या आठवड्यातला पेशंट. सव्वीस वर्षं सायकलवर, मान उन्हात भाजून निघालेली. मानेच्या मागे, कॉलरच्या जरा वर काळसर तीळ. तेव्हा २.६ आला होता. तीनच्या खाली, पण काठावर, म्हणून पुन्हा बोलावलेला.

आज २.१!

"उतरला?" त्यानं तीनदा विचारलं. "नक्की ना ताई? काय आहे, मला तो दिसत नाही हो. मान मागं कशी वळवणार! तुम्ही सांगाल तेच खरं."

मी आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. ती त्यानं टोपीत ठेवली. टोपी आमचीच आहे. डॉक्टरांनी जानेवारीपासून प्रत्येक पेशंटला रुंद काठाची टोपी वाटायला सुरुवात केलीय.

६ मार्च, शुक्रवार

प्रमाण तिळाची मासिक तपासणी. रीतसर छापील फॉर्म आहे. 'तपासणी कशाने केली?' असा रकाना. डॉक्टरांना घाईची मीटिंग होती. म्हणाले, "विभागात एवढं नवं यंत्र असताना भिंग कशाला? काजव्यानंच तपासा."

तपासला. ०.०. शेरा — उत्तम. सही, शिक्का.

किती सुटसुटीत! मागच्या महिन्यातही असंच केलं होतं, तेव्हाही शून्यच.

१४ मार्च, शनिवार

भाच्याच्या लग्नाची रजा मागितली होती. आज उत्तर आलं, इथे शब्दशः उतरवते — 'कर्मचाऱ्याची रजा मंजूर. तथापि प्रमाण तीळ दररोज सकाळी नऊ वाजता विभागात हजर राहील.'

राहील! आता तो हजर राहणार आणि मी रजेवर, हे कसं जमवू? नवी साडी नेसून नऊला विभागात, हात टेकवला, शून्य घेतलं, धावत बस पकडली. पोचले तेव्हा फोटो काढून झाले होते. वहिनी म्हणाली, "तुमचं नेहमीचंच." मी हात दाखवला. तिला काही कळलं नाही.

३१ मार्च, मंगळवार

पोस्टमन ०.९!

एकटा तोच नाही. सगळेच उतरतायत. जानेवारीत दोनवर असणारे आता अर्ध्यावर. मोठ्या डॉक्टरांनी आलेख काढला, घसरगुंडीसारखी रेघ. "टोप्या!" म्हणाले. टेबलावर हात आपटला. "टोप्यांनी करून दाखवलं!"

तीनच्या वर महिनाभरात कुणीच गेलं नाही. डॉक्टरांचं भिंग ड्रॉवरमध्ये पडून आहे. मावशी त्याची काच पुसतात. पुसू देतो, पण मी लक्ष ठेवून असते.

२० एप्रिल, सोमवार

आज काजव्यानं वजा दाखवलं. वजा ०.३!

कुणालाच कळेना, वजा म्हणजे काय. तातडीची बैठक. डॉक्टर छताकडे बघत म्हणाले, "वजा म्हणजे साध्याहूनही साधा." स्टोअरकीपरनं विचारलं, "म्हणजे तीळ नाहीच?" डॉक्टर म्हणाले, "आहे. पण अतिशय सज्जन."

पेशंट विचारत होता, "मला काळजीचं काही नाही ना?" मी सांगितलं, "तुम्हाला कॅन्सर व्हायचाच असेल तर आधी शून्यापर्यंत चढून यावं लागेल!" तो जाम खूश. मीही. कसं सुचतं मला!

२६ एप्रिल, रविवार

सासूबाईंनी दुपारी पेपर वाचता वाचता माझा हात धरला. त्यांचं वाचायचं भिंग, दांडी मोडलेलं, दोऱ्यानं बांधलेलं. तिळावर धरलं.

"अगं, ह्याला कोपरा फुटलाय."

"आई, तो प्रमाण तीळ आहे!"

"असेल. पण कोपरा फुटलाय."

मी म्हटलं, रोज सकाळी लाखो रुपयांच्या यंत्राखाली जातो तो, रोज शून्य येतं. एकही दिवस चुकलेला नाही. त्या म्हणाल्या, "बरं बाई," आणि शिवणाच्या डब्यातून कॉलरचं छोटं बटण काढून तिळावर ठेवलं. बटणाखाली पूर्ण झाकला गेला. "बघून ठेवते," म्हणाल्या.

सासूबाईंना यंत्रातलं काय कळतंय! ह्यांच्या दाढदुखीवरही त्या असंच बघून ठेवत असतात.

८ मे, शुक्रवार

विभागात भांडण! एका बाईंना वजा १.२ आला. त्यांच्या जावेला मागच्या आठवड्यात वजा दोन.

"तिला दोन आणि मला सव्वासुद्धा नाही? नीट टेकवा!"

नीटच टेकवला होता. पुन्हा टेकवला. वजा १.२. तिसऱ्यांदा. शेवटी त्या म्हणाल्या, "दंडावरचा घ्या, तो जास्त चांगला आहे." दंडावरचा वजा २.१. तेव्हा कुठे खुर्ची सोडली. जाताना म्हणतात कशा, "आता सांगते तिला!"

२९ मे, शुक्रवार

पोस्टमन वजा दीड!

पेढ्याचा पुडा काढावा तसं त्यानं टोपीतून घडी केलेलं कॅलेंडरचं पान काढलं. त्यावर त्याचे सगळे आकडे, बायकोनं लिहिलेले. २.६, २.१, ०.९. आज त्याखाली मी स्वतः लिहिलं आणि भोवती गोल काढला.

"बायको रोज मान बघायची ताई. डोकं खायची नुसती — मोठा झालाय, काळा झालाय. आता तिला सांगतो, बघायचं बंद कर. आकडा आहे ना!"

मी म्हटलं, "जा बिनधास्त! तुम्ही वजा दीडचे!" दारातून सायकलची घंटी वाजवत गेला.

१५ जून, सोमवार

आज आमचा सत्कार. संचालक स्वतः आले. टोपी मोहीम, शून्य रुग्ण, आदर्श विभाग. मोठे डॉक्टर डोक्यात टोपी घालूनच भाषण करत होते. मग म्हणाले, "आणि या यशाचं मूळ जिथे आहे..." आणि मला वर बोलावलं. हात उंच करायला लावला. पडद्यावर माझा तीळ भिंतीएवढा! टाळ्या!

फुलांचा गुच्छ मिळाला. चिठ्ठीवर 'त्व/४७ यांस'.

एवढा मोठा बघितल्यावर मलाही जरा काठ वेडावाकडा वाटला. म्हटलं, पडद्याला सुरकुती असेल.

रात्री गुच्छ सासूबाईंना दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि बटण काढलं. एका बाजूनं तीळ बाहेर डोकावत होता. मला राग आला. एवढा माझा सत्कार झाला आणि ह्यांचं आपलं बटण!

१२ जुलै, रविवार

सगळं क्रमानं लिहिते.

हे रविवारी पाव भाजतात. स्वयंपाकघरात काटा आहे. भांडं ठेवायचं, बटण दाबायचं, भांड्याचं वजन शून्य धरलं जातं, मग पीठ मोजायचं. आज ह्यांनी भांडं ठेवलं, बटण दाबलं, शून्य आलं. मग बघतात तर भांड्यात तळाशी लिंबू, सासूबाईंनी सकाळी ठेवलेलं. काढून घेतलं. काट्यावर वजा ऐंशी.

हे म्हणाले, "काटा बिघडला. भांड्यात काहीच नाही आणि वजा दाखवतोय."

सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काटा कशाला बिघडेल? शून्य धरलंस तेव्हा आत लिंबू होतं."

मी हातातला चमचा खाली ठेवला.

शून्य धरलं तेव्हा आत लिंबू होतं! काजव्याला मी रोज सकाळी माझा तीळ दाखवते आणि सांगते, हे शून्य. तो ऐकतो बिचारा. माझा तीळ बिघडत गेला तर त्याचं शून्य बिघडत जाणार. मग बाकीचे सगळे त्याच्यापेक्षा चांगलेच! लोक उतरलेच नाहीत. टोप्यांनी काही केलं नाही. लोक होते तिथेच होते, मी चढत होते. सहा महिने! आणि दर महिन्याला मी त्याला त्याच्याशीच ताडून बघत होते आणि सही करत होते.

हे विचारत होते, काय झालं, काय झालं. सासूबाईंनी शेंगा बाजूला सारल्या, उठून आल्या आणि माझा हात धरला. भिंग नाही, बटण नाही. नुसता धरला.

मला मरायची भीती वाटतेय. हे इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहू?

१३ जुलै, सोमवार

नऊच्या आधी पोचले. मोठ्या डॉक्टरांना लिंबाची गोष्ट सांगितली. ते हसले. मग हसायचे थांबले. मग टाय सोडला.

ड्रॉवरमधून भिंग काढलं. दुसऱ्या विभागाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं, त्यांनी भिंगातून डॉक्टरांची मान नीट तपासली. साधा तीळ, दोघांचं एकमत. त्याच्यावर शून्य घेतलं. मग मी बाही वर केली आणि दांडा स्वतःच टेकवला. हात बदलावा लागला नाही, सवय आहे.

७.८.

डॉक्टर कॉलर उघडी टाकून स्टुलावर बसून राहिले. "मी बघायला हवं होतं," म्हणाले. "नुसत्या डोळ्यानं दिसतंय." डोळे मलाही होतेच की — रोज सकाळी मीच बघत होते.

दुपारी कापला. सहा टाके. मग एका हातानं फोन. जानेवारीपासूनचे दोनशे बारा पेशंट, सगळ्यांना परत बोलवायचं. वजा दोनवाल्या जाऊबाई म्हणाल्या, "आता आणखी उतरला का?"

पोस्टमनला पहिला फोन केला. तसाच ड्युटीवरून आला. ६.९. मी आकडा सांगितला नाही, पडदा फिरवला. त्यानं विचारलंही नाही, फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याचाही आजच कापला.

१५ जुलै, बुधवार

स्टोअरकीपर. डोळे पाणावलेले, पण हातात रजिस्टर. त्व/४७ बाटलीतून प्रयोगशाळेत गेला, त्याचा गेटपास कुठे आहे? वस्तू परवानगीशिवाय विभागाबाहेर गेली. निर्लेखन करायचं, म्हणजे नोंद वगळायची, तर वस्तू समोर हवी, दुरुस्तीस पाठवली म्हणायचं तर परत यायची तारीख हवी.

मी म्हटलं, "परत यायला नको आहे हो तो."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं, 'तपासणीस रवाना.' जाताना टेबलावर घरून आणलेला डबा ठेवून गेले.

१७ जुलै, शुक्रवार

नवी तबकडी आली!

घेऊन आला पोस्टमन. मानेला पट्टी, वर टोपी. त्याला घरी बसवत नाही म्हणे. "सही करा ताई. लांबून आलंय पार्सल." उजव्या हातानं सही केली. डाव्या हातावर माझी पट्टी, त्याच्या मानेवर त्याची. एकमेकांकडे बघून आम्ही दोघं हसलो, मूर्खासारखे.

मावशींनी पार्सल उघडलं, पण तबकडीला हात लावला नाही. लांबूनच म्हणाल्या, "हा डाग राहू द्यायचा ना?"

दोनशे बारापैकी एकशे नव्वद जण येऊन गेले. आणखी दोघांचे कापले. अहवाल सगळ्यांचे पुढच्या आठवड्यात. झोप नाही. सासूबाई रोज संध्याकाळी माझ्या दोन्ही हातांवरून, पाठीवरून भिंग फिरवतात आणि मी गप बसून राहते.

२२ जुलै, बुधवार

माझा वरच्या थरातच होता. पूर्ण निघाला. डॉक्टर दोनदा म्हणाले — वेळेत, वेळेत. सासूबाईंनी बटण परत शिवणाच्या डब्यात टाकलं.

पोस्टमनचा खोल गेलाय. काखेत गाठ लागली. डॉक्टरांनी जुने आकडे माझ्या तिळाची चढण धरून पुन्हा मांडले — मार्चमध्येच तीनच्या वर गेला होता. त्या दिवशी मी त्याला ०.९ लिहून दिलं होतं.

सगळं मीच सांगितलं त्याला. माझ्यामुळे, हेही सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. टोपीतून कॅलेंडरचं पान काढलं, मी काढलेल्या गोलावर बोट ठेवलं.

"पण ताई, त्या दिवशी तरी मी वजा होतो ना?"

मी हो म्हटलं.